बालाघाटला शरदात जाताय? आधी तारीख बघा, मग घाट

नवरात्राचे वेध लागले की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "बालाघाटला जायचे आहे, छत्री घ्यावी की स्वेटर?" गोंदिया-भंडाऱ्याकडच्या कुटुंबांचे तिथे सोयरे असतात, तर पुण्या-मुंबईच्या मंडळींना मुक्कीच्या प्रवेशद्वारातून कान्हाच्या जंगलात शिरायचे असते. उत्तरे मात्र एकमेकांना छेद देणारी मिळतात. कोणी सांगतो, चार दिवस पावसाने घराबाहेर पडू दिले नाही. कोणी सांगतो, आकाश इतके निरभ्र होते की दुपारी टोपी लागली. तिसरा सांगतो, पहाटे कुडकुडलो. हे तिघेही खरेच बोलत असतात, गोंधळ प्रश्नातच असतो. आपण सण सांगतो आणि शहराचे नाव सांगतो, पण तिथली हवा ठरते ती वेगळ्याच दोन गोष्टींवर. पहिली, तुमच्या तारखेपर्यंत मोसमी पाऊस परतलेला असेल का? दुसरी, तुमचा मुक्काम घाटाखाली आहे की घाटावर? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पिशवी कशी भरायची, तिकीट कधीचे काढायचे आणि आजी-आजोबांना न्यायचे की नाही, हे सगळे ठरवता येते.

सण सांगू नका, तारीख सांगा

नवरात्र चांद्र पंचांगाने येते, पाऊस सूर्याच्या चालीने जातो. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला येतो. म्हणजे सण तोच, पण मध्ये जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. बालाघाटसाठी हे तीन आठवडे म्हणजे पावसाळा आणि हिवाळ्याची चाहूल यांतले अंतर आहे. म्हणून "मागच्या नवरात्रात कोरडे होते" हा अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी यंदासाठी निरुपयोगी ठरू शकतो. शेतकरी अशी चूक करत नाही, कारण तो सणावर नाही तर नक्षत्रावर पाऊस मोजतो, आणि पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात. साधारण २७ सप्टेंबरला हस्त लागते, १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा आणि २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती. हस्ताचा जो पाऊस आपण हत्तीचा पाऊस म्हणून ओळखतो, तो धानाच्या या पट्ट्यात अजून पाहुणा म्हणून नाही, हक्काने येतो. तुमची तारीख हस्तात पडते की चित्रा-स्वातीत, एवढे पाहिले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

राज्याच्या नावावर जाऊ नका

"मध्य प्रदेश" म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर ग्वाल्हेर किंवा इंदूरकडची कोरडी हवा येते. बालाघाट त्या बाजूचे नाही. ते राज्याच्या दक्षिण सीमेवर, वैनगंगेच्या काठी वसले आहे. गोंदिया तिथून अवघ्या ४० किलोमीटरवर आहे, भोपाळ मात्र कितीतरी दूर. १८६७ च्या सुमारास भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा तयार झाला आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरशी जोडलेला होता. हवेच्या दृष्टीनेही तो पूर्व विदर्भाचाच शेजारी आहे. तळी, धानाची बांधी, साल आणि बांबूची जंगले आणि वर्षाला १४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पुणे शहरात पडतो त्याच्या जवळपास दुप्पट.

पाऊस परततो तो वायव्येकडून. भारतीय हवामान विभागाने २०२० पासून लागू केलेल्या सरासरी तारखांनुसार परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला होते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत तो देशातून निघून जातो. मध्य प्रदेशातही आधी ग्वाल्हेर-चंबळकडचा भाग मोकळा होतो आणि मंडला-बालाघाटकडचा शेवटी, साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. त्यामुळे "मध्य प्रदेशातून मान्सून परतू लागला" अशी बातमी वाचून बालाघाटचे तिकीट काढू नका. बातमी राज्याची असते आणि राज्य मोठे आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल: ऑक्टोबर लागला की पाऊस गेलाच, मग एवढी चिंता कशाला? सरासरीने हे खरे आहे. पण बंगालच्या उपसागरातून उठलेली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगड ओलांडून याच वाटेने पश्चिमेकडे सरकतात, आणि चक्रीवादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबरातच सुरू होतो. २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलेल्या गुलाब वादळाचे अवशेष तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असे करत अरबी समुद्रापर्यंत पोचले होते. १२ ऑक्टोबर २०१४ ला विशाखापट्टणमला धडकलेले हुदहुद छत्तीसगडवरून उत्तरेकडे गेले आणि दोन दिवसांनी नेपाळच्या अन्नपूर्णा भागात त्याने हिमवादळ आणले. किनारा शेकडो किलोमीटर दूर आहे, हा दिलासा म्हणून अपुरा आहे. दरवर्षी असे होत नाही, म्हणून जाण्याचे टाळू नका. होऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी उपसागराकडे एक नजर टाका.

घाटाखाली एक हवा, घाटावर दुसरी

बालाघाट या नावाचा अर्थच घाटावरचा मुलूख. पण जिल्ह्याचे मुख्यालय वसले ते घाटाखाली, पूर्वी बूढा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी. शहराची उंची समुद्रसपाटीपासून २९० मीटरच्या आसपास आहे. शहर सोडून बैहरच्या दिशेने निघालात की रस्ता जंगलातून घाट चढतो आणि सातपुड्याच्या मैकल रांगांमधले पठार लागते. बैहर, मलाजखंडची तांब्याची खाण आणि कान्हाचे मुक्की प्रवेशद्वार हे सगळे या वरच्या अंगाला आहे. शहराच्या तुलनेत ही उंची साधारण ३०० मीटरने जास्त, आणि कान्हाचे काही माळ त्याहूनही वर. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हा हिशेब धरला तर फरक दोन अंशांचा निघतो.

दोनच अंश, मग एवढे काय? दिवसा खरोखरच काही नाही. फरक पडतो तो रात्री आणि पहाटे. पाऊस गेला की आकाश निरभ्र होते, जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री वर निघून जाते आणि थंड, जड हवा उतारावरून घरंगळत सखल माळांत आणि ओढ्यांच्या काठी साचते. शहरात घरे, रस्ते आणि रहदारी थोडी ऊब धरून ठेवतात, जंगलातल्या माळाला तो आधार नाही. त्यात पहाटे सहाच्या सुमाराला उघड्या जिप्सीतून फिरायचे असेल तर वारा अंगावर येतो. आसनापुढची लोखंडी दांडी दवाने इतकी गार झालेली असते की हात आपोआप मागे येतो. तीच गाडी साडेनऊला परत येते तेव्हा अंगावरचा एकेक थर काढलेला असतो. म्हणून घाटावर जाणाऱ्यांनी दिवसाचे कमाल तापमान पाहून कपडे ठरवू नयेत, पहाटेचे किमान पाहावे.

फोनवर अंदाज पाहताना इथेच दोन चुका होतात. पहिली नावाची: मराठवाड्यात बालाघाट नावाची डोंगररांग आहे, तिचा या शहराशी संबंध नाही, तेव्हा नुसते नाव न टाकता राज्यही टाका. दुसरी ठिकाणाची: हवामान विभागाच्या तक्त्यांत या जिल्ह्यातले म्हणून अनेकदा मलाजखंडचे तापमान दिसते. ते घाटावरचे आहे. शहरात उतरणार असाल तर त्यात दोन-तीन अंश मिळवा, मुक्कीला जाणार असाल तर तेच धरा.

तीन टप्पे आणि त्यांची तयारी

खालचे आकडे शहराचे आणि सरासरीच्या आसपासचे आहेत. घाटावर रात्रीचा पारा दोन-तीन अंशांनी खाली धरा.

- १५ ते ३० सप्टेंबर: पावसाळाच. दिवसा ३० ते ३२ अंश, रात्री २३-२४. दिवस-रात्रीत फारसा फरक नाही, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही. दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. सोबत रेनकोट, लवकर वाळणारे कपडे, पट्टा असलेल्या सँडल आणि कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी घ्या. जीन्स नेऊ नका, एकदा भिजली की दोन दिवस ओली राहते.
- १ ते १५ ऑक्टोबर: संधिकाळ. पाऊस कोणत्याही दिवशी थांबू शकतो आणि थांबला असे वाटल्यावर पुन्हा येऊ शकतो. उघडीप मिळाली की दुपारचे ऊन चटका देते, रात्री पारा २०-२१ पर्यंत उतरतो. छत्री आणि पातळ स्वेटर दोन्ही लागतात. सामान सर्वांत जास्त याच पंधरवड्यात होते, आणि ते कमी करण्याचा मोह इथे टाळावा.
- १६ ऑक्टोबरपासून पुढे: खरा शरद. दिवसा ३० च्या आसपास, रात्री १६ ते १९. पहाटे वैनगंगेवर आणि धानाच्या बांध्यांवर धुके असते, ते ऊन वर आले की विरते. छत्रीऐवजी स्वेटर, कानटोपी आणि घाटावर जाणार असाल तर पायमोजे घ्या. दुपारसाठी सुती कपडे हवेतच.

मुंबईकरांनी आपली "ऑक्टोबर हीट" मनात धरून जाऊ नये. किनाऱ्यावर रात्रही घामट असते, म्हणून तो उकाडा असह्य होतो. बालाघाटला दुपारचे तीन-चार तास तापतात आणि सूर्य मावळताच हवा सुटते. तेव्हा फिरण्याची कामे सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर ठेवा, उकाड्याचा प्रश्न बहुतेक मिटतो.

अंदाज कसा वाचावा

फोनवर पंधरा दिवस पुढचा अंदाज दिसतो, मग बाकी खटाटोप कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पाच-सात दिवसांच्या पलीकडे एखाद्या ठिकाणच्या पावसाचा अंदाज विश्वासार्ह राहत नाही. पंधराव्या दिवशीचे ढगाचे चित्र म्हणजे सरासरीपेक्षा फारसे अधिक काही नाही. म्हणून अंदाज एकदा नव्हे, तीनदा पाहा.

1. सात दिवस आधी: परतीची रेषा कुठे आहे आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र आहे का, एवढेच पाहा. क्षेत्र असेल तर तिकीट रद्द करू नका, पण पैसे परत न मिळणारे आरक्षणही करू नका.
2. तीन दिवस आधी: हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा पाहा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बालाघाटबरोबर सिवनी जिल्ह्याचा रंगही पाहा, कारण पुढे दिले आहे.
3. आदल्या संध्याकाळी: 'मौसम' ॲपवर ताजा अंदाज आणि 'दामिनी' ॲपवर विजेचा इशारा पाहा. दामिनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे.

शब्दांचेही अर्थ ठरलेले आहेत. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच्या भागात पाऊस, तेव्हा बेत मोडायचे कारण नाही. "जोरदार पाऊस" म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक, आणि ११५.६ च्या पुढे "अति जोरदार". हे शब्द दिसले तर घाटरस्ता आणि धबधबा दोन्ही सोडा.

तीन धोके, ज्यांकडे दुर्लक्ष होते

नदी. वैनगंगा बालाघाटला येते ती सिवनी जिल्ह्यातून, आणि तिथे भीमगडला संजय सरोवर हे मोठे धरण आहे. सिवनीत पाऊस झाला आणि धरणाचे दरवाजे उघडले की बालाघाटला लख्ख ऊन असतानाही नदी चढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या पावसाने आणि विसर्गाने बालाघाटपासून गोंदिया, भंडारा, गडचिरोलीपर्यंत पूर आला होता. म्हणून डोक्यावरच्या आकाशावरून नदीचा अंदाज करू नका. नागपूरकडून तुमसर-वारासिवनी मार्गे येणाऱ्यांना शहरात शिरण्यापूर्वी वैनगंगा ओलांडावी लागते, गोंदियाकडून येणाऱ्यांना सीमेवरची बाघ नदी. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी गाडी घालू नका. गांगुलपाऱ्याच्या धबधब्यापाशीही पाणी अचानक गढूळ झाले की लगेच बाहेर या.

वीज. वीज पडून सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश आहे, आणि परतीच्या पावसात दुपारनंतरचे ढग विजा घेऊनच येतात. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. झाडाचा आडोसा घेऊ नका. बांधीत उघड्यावर अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

ताप. पावसाळ्यानंतर साचलेल्या पाण्यामुळे डास वाढतात, आणि जंगलालगतचा हा भाग मलेरियासाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. पूर्ण बाह्या, मच्छरदाणी आणि डास पळवणारे मलम यांना पर्याय नाही. परत आल्यावर एक ते चार आठवड्यांत थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना आपण बालाघाटला जाऊन आलो हे स्वतःहून सांगा आणि रक्त तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी आणि औषध मोफत मिळते, आणि तो तुमचा हक्क आहे. गावात रात्री बाहेर पडताना विजेरी आणि बंद बूट वापरा, कारण धान कापणीच्या दिवसांत साप बांधावर येतात. साप चावल्यास जखम कापू नका, दोरीने आवळू नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

कान्हाला जाणार असाल

उद्यानाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. बुधवारी दुपारची फेरी नसते. पहिल्या पंधरवड्यात गवत माणसाच्या उंचीचे असते, पाणी जागोजागी असते आणि प्राणी विखुरलेले असतात. वाघ पाहणे हाच एकमेव हेतू असेल तर ऑक्टोबर निवडू नका, फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. पण हिरवे सालवन, धुक्यातले बारशिंगे आणि स्वच्छ हवा हवी असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम. आरक्षण करताना दिलेले मूळ ओळखपत्रच सोबत ठेवा. शहरात मुक्काम करून पहाटेची फेरी गाठण्याचा बेत करू नका. धुक्यातला घाट अंधारात चढावा लागतो. आदल्या रात्री वरच मुक्काम करा.

पावसाने बेत मोडला तर तुमचे हक्क

- रेल्वे: मुंबई आणि कोल्हापूरहून गोंदियापर्यंत थेट गाड्या आहेत (विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस), पुढे बालाघाटला जाणारी गाडी किंवा रस्ता. गाडी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात. गाडीला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरा. गाडी सुटल्यावर हा दावा करता येत नाही. गोंदियाला पुढच्या गाडीसाठी किमान तीन तासांची सवड ठेवा.
- हॉटेल आणि सहल कंपनी: पैसे भरण्यापूर्वीच विचारा: लाल इशारा असताना रद्द केले तर किती परत? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालेल. तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करता येत नाही.
- तक्रार: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. त्यासाठी बालाघाटला खेटे घालावे लागत नाहीत.

मग कधी जावे?

तारीख तुमच्या हातात असेल तर १६ ऑक्टोबरनंतर जा. पावसाची शक्यता कमी झालेली असते आणि थंडी अजून बोचरी नसते. दमेकरी आणि वयस्कर माणसे सोबत असतील तर शहरातच मुक्काम करा आणि धुके विरल्यावर बाहेर पडा. नातेवाइकांकडच्या कार्यासाठी सप्टेंबरातच जाणे भाग असेल तर जरूर जा, फक्त परतीचा प्रवास कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. डिसेंबरपर्यंत थांबलात तर हवा नक्की कोरडी मिळेल, पण वाऱ्यावर डोलणारा धान, वाहते धबधबे आणि हिरवा सातपुडा मिळणार नाही. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला बालाघाटचा सुगंधी चिन्नोर धान उशिरा पिकतो, त्यामुळे ऑक्टोबरात तो अजून शेतात उभा असतो. त्याच्या पिकाला हवे असणारे पाणी आणि तुम्हाला हवी असणारी उघडीप एकाच पंधरवड्यात येतात. तेव्हा यजमानांना फोन कराल तेव्हा "हवा कशी आहे?" एवढेच विचारू नका. "बांधीतले पाणी सोडले का?" असे विचारा. कापणीसाठी शेतकऱ्याने बांध फोडून पाणी काढायला सुरुवात केली असेल, तर पाऊस गेला असे त्याने आपल्या वर्षभराच्या पोटापाण्याच्या भरवशावर ठरवलेले असते. त्यानंतर स्वेटर वर ठेवा आणि छत्री पिशवीच्या तळाशी.